सदतीस नंबरची हजेरी

"छत्तीस?"

"येस सर."

"सदतीस?"

मी मान खाली घातली, घसा जरा बसवला आणि म्हणालो, "हाव सर."

सदतीस नंबर जंगू कुळमेथेचा होता. मी अडतीस. होस्टेलात आमची खोली एक, ड्रॉइंगचं टेबल शेजारी-शेजारी. अख्ख्या पॉलिटेक्निकात 'येस सर'च्या जागी 'हाव सर' म्हणणारा तो एकटाच. पहिल्या वर्षी सोनटक्के सरांनी त्याला दोन-तीनदा टोकलं, मग नाद सोडला. त्यामुळे त्याची प्रॉक्सी मारणं सगळ्यात सोपं. 'हाव' म्हटलं की काम झालं.

पण त्या मंगळवारी सकाळी माझं 'हाव सर' संपतंय न संपतंय, तोच मागच्या बाजूनं आणखी एक 'हाव सर' आलं. सावकाश, जड आवाजात.

हॉलभर खसखस पिकली. पोलीस समोर बसलेले असतानाही पोरांना हसू आवरेना. एका माणसाच्या दोन प्रॉक्सी पडल्या म्हणजे नाक कापल्यासारखंच. सोनटक्के सरांनी मस्टरमधून डोकं वर काढलं नाही. "एका माणसानं एकदाच हजर राहावं," एवढंच म्हणाले आणि 'पी' मांडला.

शेजारी खुर्चीत बसलेल्या धोटे फौजदारांनी विचारलं, "काय झालं हो मास्तर?"

"काही नाही साहेब. हॉल जुना आहे, आवाज फिरतो."

सर खोटं बोलले. आमच्यासाठी बोलले. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यांच्या नावानं लोकांनी बरंच काय काय म्हटलं.

शहाऐंशी सालची गोष्ट आहे, फेब्रुवारीची. आमचं पॉलिटेक्निक एका बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीत भरायचं. तालुक्याच्या गावाबाहेर, चारी बाजूंनी कपाशीची रानं. जिथं पूर्वी रेचे, म्हणजे जिनिंगची यंत्रं, चालायची तिथं वर्कशॉप, आणि जिथं सरकी काढलेला कापूस साठवायचे तो लांबलचक हॉल म्हणजे आमचा ड्रॉइंग हॉल. हॉलच्या वर लाकडी माळा. पूर्वी माळ्यावरनं कापूस खाली सोडायला मागच्या भिंतीत माणूसभर रुंदीचा एक उभा पन्हाळ होता. कॉलेज झाल्यावर त्याचं खालचं तोंड फळ्या मारून बंद केलेलं. शेवटच्या बाकामागं तीन फुटांवर त्या फळ्या. वर्षानुवर्षं पोरं त्यांच्यावर करकटकानं नावं कोरायची.

आणि आमच्याकडं एक कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण पहिल्या वर्षाच्या पोराला पहिल्या आठवड्यात सिनिअर शिकवायचे. प्रॉक्सी पडली की मागं वळून पाहायचं नाही. कारण तुम्ही वळलात की सरांची नजर तुमच्या नजरेमागं जाते आणि प्रॉक्सी मारणारा सापडतो. वळून पाहणाऱ्याला होस्टेलात आठ दिवस कोणी बोलत नसे. मी एकदा भोगलंय ते. तेव्हापासून माझी मान अशी ताठ झाली की विचारू नका.

आता भांडणाचं मूळ. भांडण हजेरीवरूनच पेटलं होतं. नवे प्राचार्य आले आणि त्यांनी पंच्याहत्तर टक्क्यांचा नियम काढला. ज्यांची हजेरी कमी त्यांना परीक्षेला बसू द्यायचं नाही. यादी लागली, एक्केचाळीस पोरं डिटेन. त्यात जंगू. त्याची हजेरी एक्काहत्तर टक्के. चार टक्के कमी, कारण पावसाळ्यात त्याची माय पंधरा दिवस आजारी होती आणि मग वारली. त्यानं अर्ज दिला, दाखला दिला. प्राचार्य म्हणाले, "सगळ्यांच्या आया याच टर्मला आजारी पडतात."

हे वाक्य जंगूनं खोलीत येऊन मला सांगितलं तेव्हा तो रडला नाही की चिडला नाही. ड्रॉइंग बोर्ड उलटा केला आणि मला मागची बाजू दाखवली. पेन्सिलीच्या रेघाच रेघा. चार उभ्या आणि त्यांच्यावरून पाचवी आडवी, अशा जुड्या. बसलेल्या प्रत्येक तासाची एक रेघ.

"मी मोजून ठेवतो ना बे," म्हणाला. "त्यायचं मस्टर जळून गेलं तरी माह्याकडं हिशेब हाय."

मस्टर खरंच जळलं. सोमवारी आम्ही मोर्चा काढला. मी सोवळा नव्हतो. ऑफिसच्या काचेवर पहिल्या दहा दगडांत माझा एक होता. जंगूचाही होता. मग कुणीतरी घासलेटचा बोळा खिडकीतनं आत टाकला. कुणी, ते आजही मला माहीत नाही, आई शप्पथ. हजेरीची कपाटं धडधडून पेटली. आत वानखडे बाबू होते, दोन पोरींच्या बापाचा साधा कारकून माणूस. फायली वाचवायच्या नादात त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. ते हात वर धरून ओरडत बाहेर आले तेव्हा आमच्या घोषणा एकदम बंद झाल्या. तेवढ्यात गेटातून पोलीस शिरले.

लाठी कशी पडते ते ज्यानं खाल्लीय त्यालाच कळतं. जो तो वाट फुटेल तिकडं पळाला. मी जंगूला शेवटचं पाहिलं ते ड्रॉइंग हॉलच्या मागच्या बाजूला वळताना. एक हात डोक्यावर, आणि बोटांमधून रक्त मनगटापर्यंत आलेलं. मी हाक मारली नाही. माझ्या मागं दोन शिपाई होते.

संध्याकाळी आमच्या होस्टेलातला बोबडे म्हणाला, "जंग्या गेला ना मागच्या भिंतीवरून. म्या पाह्यलं. आता लेकाचा गावी पोचला असंन."

मला बरं वाटलं. चाळीस मैलांवर जंगलात गाव. पोलीस तिथवर कशाला जातात!

रात्री भोंग्यावरून हुकूम सुटला. होस्टेलच्या पोरांनी आवार सोडायचं नाही. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी पाचला ड्रॉइंग हॉलमध्ये हजेरी. जो गैरहजर, तो पळालेला. जो पळालेला, त्यानंच आग लावली असं धरून त्याचं नाव गुन्ह्यात घालणार. जळलेल्या मस्टरच्या जागी कोरं मस्टर आणलं. त्यातलं पहिलं पान मंगळवारचं.

हे नुसतं बोलणं नव्हतं. मंगळवारी सकाळी बोबडेच गैरहजर राहिला, घाबरून. घाईत त्याची प्रॉक्सी मारायला कोणाला सुचलं नाही. धोटे फौजदारांनी तिथल्या तिथं शिट्टी फुंकली. वीस शिपाई आणि एक कुत्रं. पाण्याच्या टाक्या पाहिल्या, माळे पाहायला लागले, गटारांची झाकणं उघडली. तासाच्या आत मेसच्या लाकडांच्या ढिगाखालून बोबडेला काढला, तसा उरलेल्या माळ्यांचा शोध थांबला. बोबडेला जीपमध्ये घालताना त्याच्या पायात चप्पल नव्हती. आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो.

सकाळची प्रॉक्सी सवयीनं मारली होती, पण तेव्हा मी पक्कं ठरवलं. जंगूचं नाव एकदाही गैरहजर लागू द्यायचं नाही. आधीच डिटेन, त्यात आगीचा गुन्हा लागला तर पोरगा आयुष्यातून उठला असता. आदिवासी पाड्यातला पहिला पॉलिटेक्निकचा पोरगा. मी म्हटलं, सोळा आणे वाजवून हजेरी लावतो साल्याची.

पण मंगळवारी संध्याकाळी माझी हिंमत झाली नाही. धोटे खुर्ची सोडून उभे होते, बाकांच्या दोन रांगांमध्ये, हातात वेत. सर नंबर घेत गेले. चौतीस, पस्तीस, छत्तीस. सदतीस म्हटल्यावर मी तोंड उघडलं आणि त्यातून काही निघेना.

"हाव सर."

मागून आलं. स्वच्छ. थोडं थकलेलं, पण हुबेहूब जंगूसारखं. 'हाव'चा तो लांबवलेला 'व'सुद्धा.

सरांचं पेन फिरलं. धोटेंनी मागं नजर टाकली. मागच्या तीन बाकांवर पंधरा-वीस पोरं, सगळ्यांच्या माना खाली. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, आहे कोणीतरी आपल्यासारखाच.

जेवताना मी एकेकाला हळूच विचारलं. "तू मारली का बे जंगूची?" कोणी हो म्हणेना. शेवटी उमरेडकर नावाचा एक मेकॅनिकलचा होता, तो ताटावरून डोकं न उचलता म्हणाला, "नाटकं कायले करतो? तूच तर मारतो ना. आवाज तर तुहाच वाटते."

"मी पुढं बसतो. आवाज मागून येते."

"आम्ही मागं बसतो," उमरेडकर म्हणाला, "आमाले बी मागूनच येते."

मी हसलो. तो हसला नाही.

बुधवारी सकाळी पुन्हा आलं. सदतीस म्हटल्यावर या वेळी मध्ये जरा वेळ गेला, आणि मग 'हाव सर'. आवाज असा, की घशात कापूस भरलाय. सर मान खाली घालूनच होते. ते पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत मान वर करत नसत, मुद्दाम. वर पाहिलं तर कोण बोललं ते दिसेल, दिसलं तर सांगावं लागेल. त्या चार दिवसांत सरांच्या त्या खाली घातलेल्या मानेनं निदान सहा पोरं वाचवली. आम्ही त्यांना देव मानायचो.

बुधवारी संध्याकाळी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. अगदी कोपऱ्यात. म्हटलं, आता कोण बोलतो ते बघतोच. तिथं बसणारी दोन पोरं उठून पुढं गेली होती. म्हणे कुबट वास येतो, उंदीर मेला असेल. वास मलाही आला. माझ्या मागं बाक नव्हतं. तीन फूट मोकळी फरशी आणि मग त्या फळ्या, एवढंच.

बाहेर चांगलं लख्ख ऊन होतं. पाच वाजलेले. खिडकीबाहेर एक शिपाई तंबाखू मळत होता. सगळं नेहमीसारखं.

"छत्तीस?"

"येस सर."

"सदतीस?"

कोणीच बोललं नाही. एक, दोन, तीन, चार. मी समोरच्या सगळ्या पाठी बघत होतो, कुणाची मान हलते का, कुणाचे खांदे हलतात का. कोणी हललं नाही. आणि मग आवाज आला. माझ्या मागून. इतका जवळून, की बोलायच्या आधी घेतलेला श्वासही मला ऐकू आला.

"हाव... सर."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. माझ्या मागं कोणी नव्हतं. मी बसताना पाहिलं होतं, कोणी नव्हतं!

मी वळलो नाही.

लोक म्हणतील, अरे, वळायचं नुसतं! बरोबर आहे. मी स्वतःला ते चाळीस वर्षं म्हणतोय. पण समोर धोटे उभे होते, बरोबर माझ्याकडं बघत. मी वळलो तर ते येणार, आणि येऊन पाहिलं तर जंगूची हजेरी खोटी पडणार. तो आमचा कायदा माझ्या मानेत असा रुतून बसला होता. आणि खरं सांगायचं तर मी भ्यायलो होतो. पोलिसांना नाही. भूतबित मी मानत नाही, आजही मानत नाही. पण त्या घटकेला मला वाटलं, जंगू वाटेत कुठंतरी मेलाय आणि हजेरी द्यायला येतोय. मेल्यावरसुद्धा त्या बिचाऱ्याला पंच्याहत्तर टक्क्यांची काळजी. हे मनात आलं आणि मी समोरच्या पाठीवरून नजर हलवली नाही. हजेरी संपल्या संपल्या पोलिसांनी आम्हाला हाकलून बाहेर काढलं आणि हॉलला कुलूप घातलं, रोजच्यासारखं.

गुरुवारी सकाळी मी पहिल्या बाकावर बसलो. मुद्दाम, शक्य तितका लांब.

सदतीस नंबर आला. आवाज आला नाही.

सरांचं पेन कागदावर टेकलेलं, तसंच राहिलं. सर वाट बघत होते. मान खालीच. पण त्यांच्या कपाळाची शीर मला दिसत होती. त्यांनी पुन्हा म्हटलं, "सदतीस?" आजवर त्यांनी कधी कुठला नंबर दोनदा घेतला नव्हता. खुर्चीत धोटेंनी वर्तमानपत्र खाली केलं. त्यांचा हात खिशातल्या शिट्टीकडं गेला.

ती शिट्टी वाजली असती तर टाक्या, माळे, सगळं पुन्हा धुंडाळलं गेलं असतं, हे मी बोबडेच्या वेळी पाहिलं होतं. तरी त्या क्षणी मला फक्त जीपमधले बोबडेचे अनवाणी पाय आठवले.

मी हनुवटी छातीला टेकवली आणि जंगूच्या आवाजात, 'व' लांबवून म्हणालो, "हाव सर."

पेन फिरलं. 'पी' पडला. धोटेंनी पेपर पुन्हा वर केला. मी सुटलो.

गुरुवारी संध्याकाळीही आवाज आला नाही, मीच बोललो. शुक्रवारी सकाळीही मीच. तोवर मला वाटायला लागलं होतं, मागचं सगळं आपल्या डोक्यातलंच असेल. चार दिवस कोणाला धड झोप नव्हती, पोटात धड अन्न नव्हतं.

शुक्रवारी दहाच्या सुमारास गेटवरचा शिपाई मला बोलवायला आला. कुळमेथेचा रूम पार्टनर कोण म्हणून. गेटाबाहेर जंगूचा बाप उभा होता. देवराव काका. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, जंगूला सोडायला आले होते तेव्हा. डोक्याला पटका, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"रामराम, बाबू," ते म्हणाले. "गावात पेपर आला. इथं जाळपोळ झाली म्हंतेत. म्हटलं पोराले पाहून येतो. जंगू कुठी हाय?"

मी गेटाचा गज धरून विचारलं, "काका... जंगू घरी नाही आला?"

"घरी कायले येईन? परीक्षा हाय ना त्याची."

"सोमवारपासून नाही आला?"

"नाई बाप्पा." त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. "काऊन? इथं नाई का तो?"

शिपायानंच उत्तर दिलं. वही चाळून, अगदी समजुतीनं. "हाय ना बाबा. सकाळच्या हजेरीत हाय. सातच्या साती हजेऱ्यांत हाय तुमचा पोरगा."

मी तिथून पळत सुटलो. सोनटक्के सर स्टाफरूममध्ये एकटेच चहा पीत होते. मी सगळं ओकलो. मागून आलेल्या आवाजाचं आणि माझ्या प्रॉक्सींचं. सरांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे मंगळवारी तू नव्हतास? बुधवारी?"

"मंगळवारी सकाळी मी होतो. पण दुसरा आवाज होता ना सर, तुम्ही ऐकला."

"ऐकला," सर म्हणाले. "मी रोज ऐकला. मला वाटलं, तुम्ही पोरं पाळी लावून..." ते उठले आणि हॉलची दुसरी किल्ली घेऊन जवळजवळ धावतच निघाले. मागून देवराव काका, त्यांच्यामागं शिपाई.

रिकामा हॉल. उन्हाचे पट्टे फरशीवर पडलेले. सरांनी दारात उभं राहून इकडंतिकडं पाहिलं. मग त्यांनी काय केलं, तर नेहमीच्या टेबलाजवळ गेले, आणि या वेळी मान वर करून, शेवटच्या बाकाकडं बघत, मोठ्यानं म्हणाले, "सदतीस!"

कोणी बोललं नाही.

"सदतीस! कुळमेथे!"

देवराव काकांना यातलं काही कळत नव्हतं. ते सरळ हॉलच्या मागच्या टोकाला गेले आणि वाकले. "इथं मुंग्या काऊन चालल्या?" ते म्हणाले. भिंतीच्या कडेनं मुंग्यांची काळी ओळ फळ्यांच्या फटीत जात होती.

वर्कशॉपमधून पहार आणली. पहिली फळी मी काढली. दुसरी काढायला मला जमलं नाही.

जंगू आत बसला होता. बसला म्हणजे, पन्हाळात माणूस आडवा होऊच शकत नव्हता. एक पाय खाली दुमडून मोडलेला. बोबडेनं भिंतीवरून जाताना पाहिला तो दुसराच कोणी; जंगू सोमवारी बाहेरच्या लोखंडी शिडीनं माळ्यावर चढला असणार. पहिल्या वर्षी आम्ही दोघांनीच तिथं वायरिंगचं प्रॅक्टिकल केलं होतं. वर पन्हाळाच्या तोंडावर गंजका पत्रा टाकलेला, त्यावर पाय पडला आणि तो सरळ खाली आला. ओरडला असेलच. पण हॉलला कुलूप, होस्टेल लांब, पहारा गेटवर. आणि दिवसातून दोनदा माणसं यायची तेव्हा त्यांच्यात धोटे फौजदार असायचे. ज्याच्या भीतीनं पळाला तोच समोर. मदत मागितली असती तर पकडला गेला असता. आणि नंबरला उत्तर दिलं नसतं तर गैरहजर लागला असता. म्हणून तो तेवढंच बोलला. जेवढं बोललं तर चालेल तेवढंच.

देवराव काका तिथंच फरशीवर बसले. फडकं सुटलं. आत मोहाच्या पिठाच्या भाकरी होत्या.

डॉक्टरांनी लिहून दिलं की मृत्यू गुरुवारी संध्याकाळच्या सुमारास झाला असावा. डोक्याची जखम आणि मोडलेल्या मांडीतला रक्तस्राव. मी त्यांना व्हरांड्यात गाठून विचारलं, गुरुवारी सकाळी सापडला असता तर? ते म्हणाले, "तरुण पोरगा होता. वाचला असता बहुतेक."

पुढं चौकशी झाली. तिघांची समिती, हिरवं कापड घातलेलं टेबल. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुलगा सोमवारच्या लाठीमारात जखमी झाला म्हणता, तर मंगळवार ते शुक्रवार सात हजेऱ्यांत उपस्थित कसा? आम्ही सांगितलं, आवाज भिंतीतून येत होता. ते म्हणाले, म्हणजे आवाज त्याचाच होता ना? आम्ही म्हटलं, हो. लिहा, उपस्थित होता. शेवटी अहवालात आलं ते असं, की विद्यार्थी नंतर केव्हातरी माळ्यावर लपायला गेला आणि पडला. पोलिसांच्या कारवाईशी संबंध दिसत नाही. जंगूला वाचवायला आम्ही मांडून घेतलेल्या सात 'पीं'नी त्यांना वाचवलं.

मृत्यूनंतरच्या दोन प्रॉक्सी मी दिल्या, हे मी समितीपुढं कबूल केलं. मला एक वर्ष परीक्षेला बसू दिलं नाही. सोनटक्के सरांनी महिन्याभरात राजीनामा दिला. पुढं ते शिकवण्या घ्यायचे म्हणे. कधी नंबरानं हाक मारायचे नाहीत. बाकापाशी जाऊन पोराचं तोंड बघायचे.

दोन प्रॉक्सी, असं मी सांगितलं. गुरुवारी संध्याकाळची आणि शुक्रवार सकाळची. समितीनं विश्वास ठेवला, कारण त्यांच्याकडं पुरावा होता. ती फळी. पंचनाम्यात नोंदलेली, आतल्या बाजूनं पेन्सिलीच्या रेघा असलेली. जंगूच्या खिशात नेहमी पेन्सिलीचा तुकडा असायचा. अंधारात चाचपडत त्यानं रेघा ओढल्या होत्या, दर हजेरीला एक. समितीनं गणित केलं: सात हजेऱ्यांतल्या पाच त्यानं स्वतः दिल्या, दोन मी.

चौकशी संपल्यावर देवराव काकांनी मला बाहेर लिंबाखाली बसवून घेतलं. त्यांना ती फळी पाहू दिली होती. लिहितावाचता येत नव्हतं, पण रेघा त्यांनी बोटानं मोजल्या होत्या.

"पाच डाव बोलला ना माहा पोरगा?" त्यांनी विचारलं. "तुवं ऐकलं ना? पाचही डाव त्यानंच हाजरी देल्ली?"

"हाव काका," मी म्हणालो.

"शेवटलोग हाजर होता," ते म्हणाले, आणि पटक्यानं डोळे पुसले. मला त्यांनी पाठीवरून हात फिरवून आशीर्वाद दिला. मी तो घेतला.

फळीवरच्या चार रेघा उभ्या होत्या, जोर देऊन ओढलेल्या. मंगळवारच्या दोन, बुधवारच्या दोन. मी चार वेळाच त्याचा आवाज ऐकला. पाचवी रेघ त्या चारांवरून आडवी गेली होती, वाकडी, फिकट, टोकाला घसरलेली. ती गुरुवार सकाळची. म्हणजे तेव्हा तो शुद्धीवर होता. सरांनी त्याचा नंबर दोनदा घेतला, तो त्यानं ऐकला. तोंडातून आवाज फुटेना. मग हॉलच्या पार पुढच्या टोकावरून, आपल्याच आवाजात, कोणीतरी 'हाव सर' म्हणाल्याचं त्यानं ऐकलं. तो कोण, हे त्याला नक्की कळलं असणार. आणि त्यानं पेन्सिल उचलून स्वतःची हजेरी लावून घेतली.